नोकरी बदलल्यावर पगारातली करकपात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षाच्या मध्येच नोकरी बदलणाऱ्यांचे प्रश्न दोन हंगामांत येतात: नव्या कंपनीचा पहिला पगार खात्यात पडल्यावर आणि जुलैमध्ये रिटर्न भरायला बसल्यावर. दुसऱ्या हंगामातले बहुतेक प्रश्न पहिल्याच हंगामात सुटू शकले असते, म्हणून हे सगळं एकत्र लिहून ठेवलं आहे. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि साठ वर्षांखालच्या निवासी पगारदाराचे आहेत.

पगार वाढला म्हणून नोकरी बदलली, पण हातात तेवढं आलंच नाही. कर जास्त कापला का?

बऱ्याचदा दोष कराचा नसतोच. सॅलरी स्लिपमधला कपातीचा रकाना ओळीओळीने वाचा. तिथे प्रॉव्हिडंट फंड, व्यवसाय कर, आयकर आणि कधी ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता अशा वेगवेगळ्या ओळी असतात, आणि ‘टॅक्स फार कापला’ म्हणणारी व्यक्ती पुष्कळदा त्या सगळ्यांची बेरीज सांगत असते.

मोठा फरक पीएफमुळे पडतो. समजा तुमचा बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, ६०,००० रुपये आहे. जुनी कंपनी कायद्यातल्या १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापत होती. नवी कंपनी पूर्ण बेसिकवर कापते, म्हणजे ७,२०० रुपये. हातात महिन्याला ५,४०० रुपये कमी आले. शिवाय कंपनीचा वाटाही सीटीसीतच (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च) धरलेला असेल, तर तोही हातात येत नाही. हे पैसे तुमच्याच पीएफ खात्यात साठतात, कराशी त्यांचा संबंध नाही.

पहिल्या महिन्यात अर्ध्यावर रुजू झालात तर तेवढ्याच दिवसांचा पगार मिळतो. म्हणून पहिल्या स्लिपवरून काहीच ठरवू नका, दुसरी येऊ द्या.

महिन्याचा टीडीएस ठरतो कसा?

टीडीएस म्हणजे कंपनीने पगारातूनच कापून सरकारकडे भरलेला आयकर. कंपनी एका महिन्याच्या पगारावर कर लावत नाही. एप्रिल ते मार्च या काळात तुम्हाला आपल्याकडून एकूण किती पगार जाईल याचा ती अंदाज बांधते, त्यावर वर्षाचा कर काढते आणि उरलेल्या महिन्यांत तो वाटून कापते. नवीन करपद्धतीत आधी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाते. मग पहिल्या ४ लाखांवर कर शून्य, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. वर ४ टक्के उपकर. वजावटीनंतरचं उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्यावर येतो.

या हिशेबात कळीचा शब्द ‘आपल्याकडून’ हा आहे. आधीच्या कंपनीने काय दिलं हे नव्या कंपनीला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. आयकर खातं मात्र तुमच्या पॅनवर दोन्ही पगार एकत्र बघतं.

दोन्ही कंपन्यांनी कर शून्य दाखवला, मग रिटर्नमध्ये ८८ हजार कुठून आले?

उदाहरण घेऊ. एप्रिल ते सप्टेंबर पगार महिना १,००,००० रुपये. पहिल्या कंपनीने वर्षाचे १२ लाख धरले, ७५,००० वजा केले, ११.२५ लाख उरले. सवलतीच्या आत, म्हणून टीडीएस शून्य. त्यांचं काही चुकलं नाही.

ऑक्टोबरपासून दुसरीकडे महिना १,४०,०००. नव्या कंपनीच्या डोळ्यासमोर सहाच महिने आहेत, म्हणजे ८.४० लाख. ७५,००० वजा जाता ७.६५ लाख. पुन्हा शून्य. त्यांचंही चुकलं नाही.

आता तुमचं वर्ष बघा. ६ लाख अधिक ८.४० लाख म्हणजे १४.४० लाख. प्रमाणित वजावट माणसामागे वर्षाला एकदाच मिळते, कंपनीमागे एकदा नाही. उरले १३.६५ लाख. १२ लाखांची रेषा ओलांडली, सवलत गेली. ४ ते ८ लाखांवर २०,०००, पुढच्या चार लाखांवर ४०,०००, वरच्या १.६५ लाखांवर २४,७५०. एकूण ८४,७५०, उपकर ३,३९०, मिळून ८८,१४० रुपये. दोन बरोबर शून्यांची बेरीज ८८,१४०!

वर व्याज. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा जास्त निघत असेल, तर तो आगाऊ कर म्हणून १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चच्या हप्त्यांत भरायचा असतो. ही गोष्ट पगारदारांच्या गावीही नसते. वरच्या उदाहरणात सगळा कर जुलैमध्ये भरला, तर कलम २३४बी आणि २३४सी मिळून सुमारे ८,००० रुपये व्याज लागतं.

हीच माहिती ऑक्टोबरमध्ये नव्या कंपनीला दिली असती, तर ८८,१४० रुपये सहा पगारांत वाटले गेले असते: महिन्याला १४,६९०. कर तेवढाच, पण व्याज नाही आणि जुलैत धावपळ नाही.

ही माहिती द्यायची कशी? फॉर्म १६ आल्यावर दिला तर चालेल का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. जुन्या कंपनीचा फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, वर्ष संपल्यावर, १५ जूनच्या सुमारास येतो. तोवर नव्या कंपनीचे मार्चपर्यंतचे सगळे पगार होऊन गेलेले असतात.

त्यासाठी फॉर्म १२बी आहे. तो कर्मचाऱ्याने स्वतः भरून, सही करून नव्या कंपनीला द्यायचा. त्यात आधीच्या कंपनीचं नाव, पत्ता, पॅन आणि टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक), तिथे काम केल्याचा कालावधी, मिळालेला पगार, पीएफ आणि कापलेला टीडीएस येतो. सोबत शेवटची सॅलरी स्लिप, फुल अँड फायनलचा (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या देण्याघेण्याचा) हिशेब आणि जुन्या पोर्टलवरून उतरवलेला टॅक्स शीट जोडा. हे कागद नोकरी सोडायच्या आधीच काढून घ्या. शेवटच्या दिवशी संध्याकाळी कंपनीचा ईमेल बंद झाला की साध्या स्लिपसाठीही कुणाच्या तरी मागे लागावं लागतं.

बऱ्याच कंपन्यांत हा फॉर्म पोर्टलवरच भरायचा असतो. तिथे दोन गफलती सर्रास दिसतात. पहिली: आधीच्या पगाराच्या चौकटीत खात्यात जमा झालेली रक्कम लिहिणे. तिथे कपातीपूर्वीचा पगार हवा. दुसरी: प्रमाणित वजावट आधीच वजा करून आकडा देणे. मग नवी कंपनी ती पुन्हा वजा करते, कर कमी कापला जातो आणि फरक तुमच्याकडे उरतो. चौकटीशेजारची बारीक अक्षरातली सूचना वाचा, तरीही शंका असेल तर पगाराचा हिशेब करणाऱ्या पेरोलवाल्यांना सरळ विचारा. आम्हा पेरोलवाल्यांना हा प्रश्न ऑक्टोबरमध्ये आवडतो, मार्चच्या २८ तारखेला नाही.

जुना पगार नव्या कंपनीला सांगायचा नाही. चालेल का?

चालेल. कायद्यात हा तपशील कर्मचारी ‘देऊ शकतो’ असं आहे, सक्ती नाही. दिला तर मात्र नव्या कंपनीला तो धरूनच कर कापावा लागतो.

न सांगितल्याने कर टळत नाही, तो भरायची जबाबदारी तुमच्यावर येते. दोन्ही पगारांची बेरीज करून स्वतः हिशेब काढा आणि आयकर पोर्टलवरच्या ‘ई-पे टॅक्स’मधून आगाऊ कर भरा. मार्चपर्यंत भरायचा असेल तर चलान आगाऊ कराचं, वर्ष संपल्यावर असेल तर स्वनिर्धारण कराचं. माझं मत विचाराल तर नोकरी देताना एचआरने जुन्या तीन स्लिपा घेतलेल्याच असतात. पगार तिथेच उघड झालेला असतो, मग लपवायचं कुणापासून?

आधीचा पगार उशिरा कळवला आणि मार्चचा जवळजवळ सगळा पगार करातच गेला. हे कायदेशीर आहे का?

हो. वर्षाचा राहिलेला कर उरलेल्या पगारांतूनच कापायचा असतो आणि मार्च हा शेवटचा पगार. जानेवारीत पुरावे मागवल्यावर आधीचा पगार पहिल्यांदा समोर येतो, आणि सहा महिन्यांचा फरक दोन-तीन पगारांवर पडतो. घरभाडं किंवा हप्ता अडत असेल तर पेरोलशी आधीच बोला.

जुन्या कंपनीत जुनी करपद्धत निवडली होती. नव्या कंपनीत काय?

पर्याय नव्याने कळवावा लागतो. काहीच कळवलं नाही तर कंपनी नवीन पद्धत धरते, कारण २०२३-२४ पासून तीच मूळ पद्धत आहे. एकदा कळवलेला पर्याय त्या कंपनीत टीडीएसपुरता सहसा वर्षभर बदलू देत नाहीत.

पण हे टीडीएसपुरतंच. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला मुदतीत रिटर्न भरताना हवी ती पद्धत निवडता येते. एका कंपनीने जुन्या आणि दुसरीने नव्या पद्धतीने कापलं असलं तरी बिघडत नाही, मात्र रिटर्नमध्ये सगळ्या वर्षाला एकच पद्धत लागते. त्यामुळे १२बी भरताना घरभाड्याची सूट आणि ८०सी (एलआयसी, पीपीएफसारख्या बचतीची वजावट) आधीच्या कंपनीत किती धरली होती ते लक्षात घ्या. नवीन पद्धतीत दोन्ही मिळत नाहीत.

एलआयसी, पीपीएफचे पुरावे आधीच्या कंपनीला दिले होते. नव्या कंपनीलाही द्यायचे का?

जुन्या पद्धतीत असाल तर हो. मात्र ८०सी ची १.५ लाखांची मर्यादा वर्षभराची आहे. दोन्ही कंपन्यांनी तोच हप्ता स्वतंत्रपणे वजा केला तर दोन्हीकडचा कर कमी दिसतो आणि रिटर्नमध्ये तो उघडा पडतो. दोन्ही कंपन्यांतल्या पीएफची तुमची कपातही याच दीड लाखांत बसते.

घरभाड्याच्या सुटीचा हिशेब मात्र ज्या काळात ज्या कंपनीत होतात, त्या काळाच्या पगारावर आणि भाड्यावर होतो.

नोकरी सोडली आणि काही महिने घरीच होतो. जास्त कापलेला कर परत मिळेल का?

मिळेल, आणि कधी कधी चांगलाच मिळतो. महिना १.५० लाख पगार होता. कंपनीने वर्षाचे १८ लाख धरले, वजावटीनंतर १७.२५ लाख. त्यावर कर १,४५,०००, उपकरासह १,५०,८००. सहा महिन्यांत ७५,४०० कापले आणि सप्टेंबरअखेर नोकरी सुटली. मार्चपर्यंत दुसरी मिळाली नाही आणि दुसरं उत्पन्नही नाही. मग वर्षाचा पगार ९ लाख, वजावटीनंतर ८.२५ लाख, कर शून्य. ७५,४०० पूर्ण परत.

त्यासाठी रिटर्न भरावंच लागतं आणि बँक खातं पोर्टलवर पडताळलेलं हवं. आपला कर शून्य आहे म्हणून रिटर्न कशाला, असं म्हणणारे हा पैसा सरकारकडेच ठेवून बसतात.

फुल अँड फायनलमध्ये रजेचे पैसे, बोनस, नोटीस पिरियडची कपात असते. कशावर कर लागतो?

राहिलेला पगार आणि बोनस पूर्ण करपात्र. शिल्लक रजेचे पैसे नोकरी सोडताना मिळाले तर खासगी कर्मचाऱ्याला कलम १०(१०एए) खाली सूट मिळू शकते. तिची कमाल मर्यादा सगळ्या नोकऱ्या मिळून आयुष्यभरात २५ लाख रुपये आहे, आणि ती नवीन पद्धतीतही चालते. या मर्यादेशिवाय सरासरी पगार आणि शिल्लक रजेवर आधारलेल्या अटीही आहेत, म्हणून फुल अँड फायनलच्या कागदावर सूट किती धरली ते बघा. नोकरीत असताना रजा विकली असेल तर सूट नाही. दोन्ही प्रकारच्या रजेचे पैसे एकाच ओळीत दाखवले असतील तर जुन्या कंपनीकडून ते वेगळे करून घ्या.

नोटीस पिरियड न पाळल्याबद्दल कंपनीने कापलेले पैसे हा त्रासदायक भाग आहे. कंपनी सहसा पूर्ण पगार दाखवून त्यावर टीडीएस करते आणि नोटीसची रक्कम नंतर वजा करते. म्हणजे हातात न आलेल्या पैशांवरही कर. कर न्यायाधिकरणांचे काही निकाल कर्मचाऱ्यांच्या बाजूने आहेत, पण फॉर्म १६ मध्ये पूर्ण पगार असेल तर रिटर्नमध्ये कमी आकडा टाकल्यावर विचारणा होणार हे धरून चाला. रक्कम मोठी असेल तर सीएला विचारून मगच टाका. नव्या कंपनीने ही रक्कम ‘बायआउट’ म्हणून भरून दिली, तर तीही तुमच्या पगारातच धरली जाते.

जॉइनिंग बोनस मिळाला, पण वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा आहे. कराचं काय?

मिळाला त्या वर्षी तो पगारच, कर कापूनच हातात येतो. त्याच आर्थिक वर्षात परत केला तर कंपनी हिशेब सुधारू शकते. वर्ष उलटल्यावर मात्र प्रकरण चिघळतं: मागच्या वर्षी कर भरून झालेला असतो आणि कंपनी बहुधा करासकट पूर्ण रक्कम परत मागते. सही करण्याआधी ऑफर लेटरमधलं ते कलम वाचा. परतफेड करपूर्व रकमेची की हातात आलेल्या रकमेची, हे तिथेच ठरवून घेता येतं.

जुना पीएफ काढून घेऊ की नव्या खात्यात वळवू?

पैशांची खरोखर निकड नसेल तर वळवा. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक, तोच राहतो, जुनी शिल्लक नव्या कंपनीच्या खात्यात येते आणि आधीची सेवाही मोजली जाते. सलग सेवा पाच वर्षांहून कमी असताना काढला तर रक्कम करपात्र ठरते, आणि ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर १० टक्के टीडीएस कापला जातो. जुन्या कंपनीत तीन वर्षं आणि नव्या कंपनीत अडीच झाली असतील, तर शिल्लक वळवल्यावर साडेपाच भरतात आणि हा प्रश्नच उरत नाही.

अडथळा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येतो: जुन्या कंपनीने बाहेर पडल्याची तारीख नोंदवलेली नसते. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की ती तारीख तुम्हाला स्वतः पोर्टलवर टाकता येते.

पुण्याहून गुरुग्रामला गेलो आणि व्यवसाय कर कापला जायचा बंद झाला. चुकून राहिला का?

नाही. व्यवसाय कर राज्याचा आहे आणि हरियाणात तो नाही, दिल्लीतही नाही. महाराष्ट्रात महिना १०,००० रुपयांवर पगार असलेल्या पुरुषांना दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये लागतात. महिलांना २५,००० पर्यंतच्या मासिक पगारावर माफी आहे. २,५०० ही वर्षाची कमाल मर्यादा राज्यघटनेनेच घातली आहे. आयकरात याची वजावट फक्त जुन्या पद्धतीत मिळते.

दोन फॉर्म १६ आहेत. रिटर्नमध्ये कसं दाखवायचं?

दोन्हींतला कपातीपूर्वीचा पगार बेरजेत घ्या, प्रमाणित वजावट एकदाच घ्या, दोन्ही टॅनवरचा टीडीएस दाखवा. दोन्ही फॉर्म १६ मधली शेवटची ‘करपात्र उत्पन्न’ ही ओळ बेरजेला घेऊ नका, कारण तिथे ७५,००० दोनदा वजा झालेले असू शकतात. नव्या कंपनीने १२बी धरून हिशेब केला असेल तर उलटी भानगड: तिच्या भाग बी मध्ये जुना पगार आधीच असतो. तो पुन्हा मिळवला तर उत्पन्न फुगतं.

भरण्याआधी आयकर पोर्टलवरच्या फॉर्म २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेला कर) आणि एआयएसशी (तुमच्या उत्पन्नाची खात्याकडची नोंद) ताळा करा. नेहमीच्या पगारदारांसाठी मुदत ३१ जुलै.

जुन्या कंपनीने कर कापला, पण २६एएस मध्ये दिसत नाही.

आधी थोडं थांबा. जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचं विवरण भरायची कंपनीची मुदत ३१ मे असते, त्यामुळे शेवटचे आकडे जूनमध्ये दिसू लागतात. त्यानंतरही नसेल तर पॅन चुकीचा टाकला गेला का ते विचारा. हे कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

कंपनीने पैसे कापून भरलेच नसतील, तर कलम २०५ प्रमाणे तेवढ्या कराची वसुली खातं तुमच्याकडून करू शकत नाही. पण कपात झाल्याचं दाखवायला स्लिपा आणि बँकेचं विवरण हवं, म्हणूनच जुन्या स्लिपा जपून ठेवा. मागणीची नोटीस आली तर पोर्टलवर ‘असहमत’ नोंदवून हे कागद जोडा.

जुनी कंपनी फॉर्म १६ देतच नाही.

लेखी मागा. कर कापला असेल तर तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे, न दिल्यास दिवसाला ५०० रुपये दंडाची तरतूद आहे. दरम्यान रिटर्न अडवू नका, स्लिपा आणि २६एएस वरून ते भरता येतं.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला. हे सगळं बदललं का?

आयकर अधिनियम, २०२५ त्या दिवसापासून लागू आहे. पगारावरच्या टीडीएसचं कलम १९२ तिथे ३९२ झालं आणि ‘आकारणी वर्षा’ऐवजी ‘कर वर्ष’ आलं. २०२५-२६ च्या उत्पन्नाला मात्र जुनाच कायदा आणि जुनेच क्रमांक लागू राहतात. त्यानंतर नोकरी बदलली असेल तर पेरोलकडे फॉर्मच्या क्रमांकावरून वाद घालत बसू नका. ‘आधीच्या कंपनीचा पगार आणि टीडीएस द्यायचा आहे’ एवढं म्हटलं की योग्य तो कागद ते पुढे करतील.